मैनुद्दीनभाई आणि उलट्या रंगांचा पडदा

मैनुद्दीनभाईंनी परवानगी दिली म्हणून लिहिते आहे. "लिहा अक्का, फक्त माझं वय दोन वर्षांनी कमी लिहा," एवढीच त्यांची अट होती. ती मी पाळणार नाही. ते सत्तावन्न वर्षांचे आहेत आणि सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढतात. मी दाक्षायणी. त्याच कारखान्यात घडीखातं बघते. मागावरून उतरलेली चादर कापायची, काठ दुमडून शिवायचे, लेबल लावायचं, घडी घालून गठ्ठा बांधायचा, हे माझ्या हाताखालच्या अकरा बायकांचं काम. त्यांच्यावर ओरडायचं हे माझं.

भाईंचे वडील मागावर जोडणी करायचे. म्हणजे जुन्या ताण्याच्या हजारो उभ्या दोऱ्यांना नव्या ताण्याचे दोरे एकेक करून पिळायचे. पोराच्या बोटांना तरी हे नको म्हणून त्यांनी सोळाव्या वर्षी मैनुद्दीनला एका नक्षीवाल्याकडे नेऊन बसवलं. तेव्हा संगणक नव्हते. चौकटीच्या मोठ्या कागदावर नक्षी काढायची आणि बारीक बारीक चौकटी लाल शाईनं भरायच्या. भरलेली चौकट म्हणजे रंगीत दोरा वर, रिकामी चौकट म्हणजे पांढरा दोरा वर. एका चादरीला अशा हजारो चौकटी, आणि एक चुकली की प्रत्येक चादरीत त्याच जागी तोच डाग. भाईंनी ते काम बावीस वर्षं केलं. मग संगणक आले, बरेच नक्षीवाले घरी बसले, आणि हे मात्र अडतिसाव्या वर्षी उंदीर हातात धरून पुन्हा पहिलीत बसले. ते तेव्हा म्हणायचे, "चौकटी त्याच हाईत की अक्का, फक्त शाई लागत नाही."

माणूस तसा सरळ, पण चादरीच्या बाबतीत वेडा. लग्नाला गेले तरी नवरा-नवरीकडे बघायचे नाहीत, पाहुण्यांसाठी अंथरलेल्या चादरीचा कोपरा उचलून बघायचे. एकदा तर एका व्याह्याला चादरीवरून उठायला लावलं होतं, कारण नक्षी भाईंच्याच हातची निघाली.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नवं डिझाईन मागावर चढलं की पहिली चादर पुरती विणून कापायची आणि भाईंपुढे नेऊन ठेवायची. ते बघतात आणि म्हणतात, "चालू करा." हे दोन शब्द येईपर्यंत दुसरी चादर विणायची नाही. मालक शिवराज शेठ स्वतः उभे असले तरी नाही. आणि एकदा ते शब्द आले की कुणी पुन्हा बघायचंही नाही. मैनुद्दीनभाईंनी बघितलं म्हणजे बघितलं.

दोन वर्षांपूर्वी मला वाटायला लागलं की या माणसाला शिंगं फुटली. जिन्यात समोरून यायचे आणि ओळख न दाखवता निघून जायचे. बोलायला लागलं तर तोंडाकडे न बघता माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायचे. माझा स्वभाव तुम्हाला अजून माहीत नाही. मी आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना तो कळलाही नाही, त्यामुळे मी जास्तच चिडले. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सोक्षमोक्ष लावायला म्हणून वर त्यांच्या खोलीत गेले.

ते पाठमोरे बसले होते. एका कानात इअरफोन. समोरचा पडदा काळाकुट्ट, आणि त्यावर वीतभर उंचीची पांढरी अक्षरं. एका वेळी चारच अक्षरं मावत होती. ती सरकत होती, आणि भाई मान वाकडी करून, गाल जवळजवळ काचेला लावून, डोळ्याच्या कोपऱ्यातून ती वाचत होते. मी भांडायला आले होते हे विसरले.

मग भाईंनीच सांगितलं. त्यांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याला बरोबर मधोमध डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोरच्या माणसाचा चेहरा म्हणजे नुसता धूर. रंगही पुसट झालेले, गडद आणि फिकट एवढंच नीट कळायचं. डॉक्टर म्हणाले होते की हा डाग जाणार नाही, चष्म्याचाही उपयोग नाही. पण त्याच दवाखान्यात एक बाई होत्या, कमी दिसणाऱ्यांना शिकवायच्या. त्यांनी विचारलं, काम काय करता? संगणकावर? मग चला. आणि दोन दुपारी बसवून सगळं दाखवलं. पडद्यावरचं हवं तेवढं मोठं करणारं भिंग. पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं करणारी दोन-तीन बटणं, कारण पांढरा पडदा भाईंच्या डोळ्यांना उन्हातल्या पत्र्यासारखा लागायचा. बाण जिथे जाईल तिथलं वाचून दाखवणारा आवाज. फोनमध्येही तसंच, कॅमेरा धरला की समोरची वस्तू मोठी दिसणार, हवं तर उलट्या रंगांत.

"हे विकत घ्यावं लागलं का?" मी विचारलं.

"नाही अक्का. आधीपासनं आतच होतं. चालू करायचं तेवढं."

मला याचाच राग आला. इतकी वर्षं ती सोय त्या डब्यात बसून होती आणि शहरात कितीतरी माणसं डोळे गेले म्हणून घरी बसली. कुणी सांगायचं कष्ट घेतले नाहीत. मी हे मोठ्यानं बोलत होते. भाईंनी हात जोडले.

"हळू बोला. खाली ऐकू जाईल. शेठला कळलं तर डिझायनर आंधळा झाला म्हणून घरी बसवतील. घरी बसून मी करू काय? आमची घरवाली अजीजा म्हणते नमाज पढा, नातवंडं सांभाळा. ते तर करतोच की. पण दिवसाचे दहा तास हात काय करणार? किसीकू बोलो नक्को, अक्का. तुमच्या पाया पडतो."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी शब्द दिला. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ही गोष्ट दोन वर्षं राहिली आणि मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

खरं सांगते, त्या दोन वर्षांत त्यांची एक चूक झाली नाही. उलट नक्षी सुधारली. पूर्वी ते फार बारीक काम करायचे, वेलीला वेल, पानाला शिरा. आता मोठी, मोकळी फुलं काढायला लागले, गडद आणि फिकट यांचाच खेळ. गिऱ्हाइकं म्हणायची, भाईंचा हात बदलला, चांगला बदलला. भाई नुसते मान हलवायचे. रंग उलटे करून वाचायचं, उलट्यातच नक्षी काढायची, आणि शेवटी बटणं दाबून रंग सुलटे करायचे, डोळे चोळत चोळत एकदा खरं रूप बघून घ्यायचं आणि मग फाईल मागावर पाठवायची, अशी त्यांची रीत बसली होती.

यंदाच्या लग्नसराईत मंगळवेढ्याहून रामहरी तात्या आले. मुलीचं, आरोहीचं लग्न. पाहुण्यांना आहेर म्हणून दीडशे चादरी हव्या होत्या, आणि त्याही नेहमीच्या नकोत.

"मोर नको, कमळ नको," तात्या म्हणाले. "आमच्या रानातलं ज्वारीचं कणीस काढा. मरून जमीन आन् तिच्यावर पांढरं कणीस."

चादरीचा मुख्य रंग म्हणजे तिची जमीन. भाई खूश झाले. त्यांनी तात्यांना खरं कणीस पाठवायला सांगितलं आणि ते आल्यावर दोन दिवस हातात घेऊन बसले होते, दाणा दाणा चाचपत. जाताना तात्यांनी दारातून वळून एक सांगितलं. "जमीन पांढरी नको बरं का. मंगल कार्य हाय. पांढरं कशावर घालत्यात ते तुमाला सांगाय नको."

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं. मी पाच दिवस अक्कलकोटला गेले.

आता मागे काय झालं ते सांगते. भाईंनी मला ते सांगितलं तेव्हा मला दोनदा ऐकावं लागलं होतं. कणसाची नक्षी पूर्ण झाली, बरोबर झाली, मरून जमीन आणि पांढरं कणीस. आता रंग सुलटे करून शेवटचं बघायचं, इतक्यात वीज गेली. वीज आली, संगणक पुन्हा सुरू झाला, पण सुरू होताना तो आपणहून सुलट्या रंगांत सुरू झाला. समोरची जमीन गडद मरून, पडदा डोळ्यांवर आला नाही, म्हणून भाईंच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी सवयीनं बटणं दाबली आणि सुलटं होतं ते उलटं केलं. समोर दिसली फिकट जमीन आणि गडद कणीस. त्यांना वाटलं हेच खरं रूप, आपलीच चूक झाली. त्यांनी मोठ्या काळजीनं दोन्ही रंगांची अदलाबदल केली. बरोबर असलेलं डिझाईन अशा तऱ्हेनं चुकीचं होऊन मागावर गेलं.

तरी पहिली चादर होतीच की बघायला. आमचा विणकर नरसय्या ती घेऊन आला. मागांच्या शेडच्या दारात त्यानं ती भाईंपुढे धरली. दुपारचं ऊन होतं, चादर भाईंच्या डोळ्यांवर आली. पांढऱ्या जमिनीची होती, येणारच. पण भाईंनी उन्हाला दोष दिला, फोन काढला, भिंग लावलं, आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून फोनचेही रंग उलटे केले. फोनमध्ये दिसली गडद जमीन आणि त्यावर फिकट कणीस. अगदी तात्यांना हवी तशी.

"चालू करा," भाई म्हणाले. आणि तीन माग सुरू झाले.

मी सोमवारी सकाळी आले. घडीखात्यात शिरले तर भिंतीला लागून चादरींचे थर. एकशे वीस तयार, काठ शिवलेल्या, लेबल लावलेल्या, घडी घातलेल्या. वरची प्रत्येक चादर पांढरी, तिच्यावर मरून कणीस. मी ऑर्डरची चिठ्ठी बघितली. पुन्हा चादरी बघितल्या. माल गुरुवारी मंगळवेढ्याला पोहोचवायचा होता.

बायकांना विचारलं, "गं, चिठ्ठी वाचली नाही का कुणी?"

"भाईंनी चालू करा म्हणलं की," त्या म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं होतं?

एक चादर काखेत मारून मी जिना चढले. शिवराज शेठ अजून आले नव्हते. भाईंसमोर चादर ठेवली आणि म्हटलं, "भाई, जमीन कुठली आहे ही?"

त्यांनी फोन काढला. मी त्यांचा हात धरला. "फोनचे रंग आधी सुलटे करा. मग बघा."

त्यांनी तसं केलं. बराच वेळ ते फोन चादरीवरून फिरवत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग फोन खाली ठेवला.

"किती झाल्या?"

"एकशे वीस."

"संपलं, अक्का," ते म्हणाले. "माझं संपलं." आणि मग, "शेठला मीच सांगतो. दुसऱ्याच्या तोंडून नको कळायला."

मला रडू आलं. मी रडते तेव्हा जोरात रडते. त्यातही मी त्यांना शिव्या घालत होते, की दोन वर्षांपूर्वीच सांगितलं असतं तर आज चादर बघायला कुणीतरी दुसरं असतं, आणि मलाही कशी बुद्धी झाली शब्द द्यायची, आणि नेमकी मी अक्कलकोटला पेढे खात बसले. भाई मान खाली घालून ऐकत होते. तेवढ्यात नरसय्या आला, उरलेल्या तीस चादरींसाठी दोरा कमी पडतोय हे सांगायला. आम्हा दोघांना बघून तो दारातच थांबला.

"काय झालं? कोण गेलं?"

"ही गेली," मी चादर त्याच्या अंगावर टाकली. "मरून जमीन पाहिजे होती. पांढरी विणलीस."

नरसय्यानं चादर झेलली, बघितली, पलटली आणि माझ्यापुढे धरली. मरून जमीन, तिच्यावर पांढरं कणीस.

"मग पलटा की," तो म्हणाला. "चादरच हाय ती. साडी हाय का?"

सोलापुरी चादर दुहेरी विणीची असते. एका अंगाला जिथे मरून दोरा वर असतो, तिथे दुसऱ्या अंगाला पांढरा. एका बाजूची जमीन ती दुसऱ्या बाजूची नक्षी. हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. रोज शेकडो चादरी माझ्या हाताखालून पलटून जातात. भाईंनी तर चाळीस वर्षं तेच केलं. आणि आम्ही दोघं एक चादर मधे ठेवून तिच्यावर मातम करत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कळसा तर मी खरोखरच काखेत मारून जिना चढले होते.

आधी भाई हसले. आवाज न करता, खांदे हलवत. मग मी हसायला लागले ती थांबेचना. नरसय्या आमच्याकडे बघत राहिला आणि "दोऱ्याचं बघा," म्हणून निघून गेला. नक्षीत अक्षरं असती तर चादर पलटून भागलं नसतं, ती उलटी दिसली असती. कणसाला काय डावं-उजवं. तात्यांनी मुलीचं नाव विणायला सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात दहा वेळा हात जोडले.

पण सगळं फुकटात सुटलं नव्हतं. काठ आतल्या अंगाला दुमडून शिवलेले होते. आता आतलं अंग बाहेर यायचं, म्हणजे एकशे वीस चादरींची शिवण उसवायची, उलट दुमडून पुन्हा शिवायची, लेबलं काढून दुसरीकडे लावायची, आणि त्या अंगाला कुठे कुठे सुटलेले दोरे कातरायचे. दोन दिवसांचं काम. हे मालकापासून लपवून होणार नव्हतं. आणि मला वाटलं होतं की आता भाई काहीतरी थाप मारतील, फाईल चुकली म्हणतील, विजेवर ढकलतील. त्यातलं निम्मं खरंही होतं.

शिवराज शेठ अकराला आले. भाई उठले, भिंतीला हात लावत त्यांच्या केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले.

भाईंनी सगळं सांगितलं. चादर पहिल्यांदा, डोळे नंतर. शेठ चाळिशीचे आहेत, वडिलांच्या मागे कारखाना बघतात, तोंडानं तिखट. चादरीचं ऐकताना ते शांत होते. डोळ्यांचं ऐकलं आणि उठून उभे राहिले.

"दोन वर्षं?" ते म्हणाले. "दोन वर्षं तुमी मला न्हाय सांगितलं? मागांच्या मधनं तुमी येता-जाता, भाई. पट्ट्यात हात गेला असता तर मी अजीजाचाचींना काय सांगितलं असतं?" मग माझ्याकडे वळून, "आन् अक्का, तुमाला म्हाईत होतं?"

मी म्हटलं, "होतं. शब्द दिला होता." बीपीच्या गोळीचं सांगणार होते, पण गप्प बसले.

"घरी बसवाल म्हणून नाही सांगितलं," भाई म्हणाले.

शेठ खिडकीपाशी गेले, परत आले. "किती दिसतं?"

"समोरचं नाही. कडेचं दिसतं. रंग नाही म्हटलं तरी चालेल."

"मग डिझाईन कसं काढता? दाखवा मला."

आम्ही तिघं भाईंच्या खोलीत आलो. भाईंनी इअरफोन काढला आणि संगणकाचा आवाज मोठा केला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो आवाज त्या खोलीत मोकळा निघाला. बाईचा आवाज, मराठीच, पण प्रत्येक शब्द सुटा, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. भाई बटणं दाबत गेले. पडदा काळा झाला, अक्षरं वीतभर झाली, कणीस एवढं मोठं झालं की एकेक दाणा लाडवासारखा दिसायला लागला. भाईंनी एक दाणा पुसला, दुसरीकडे काढला, पुन्हा पूर्ण चादर लहान करून दाखवली. शेठ वाकून बघत होते. मी त्यांचं तोंड बघत होते.

"पडदा लहान पडतोय तुमाला," शेठ शेवटी म्हणाले. "मोठा आणू. आन् आजपासनं पहिली चादर एकट्यानं बघायची न्हाय. भाईंनी नक्षी बघायची, रंग अक्कांनी बघायचा, दोघांनी म्हणलं तरच चालू. दोऱ्याची छटा जुळवायचं काम तुमच्याकडनं काढतोय, भाई. ते आता तुमाला झेपायचं न्हाय."

छटा जुळवण्याचं काम भाईंच्या मानाचं होतं, दोन वर्षं मी हळूच छटा सांगत असले तरी. गिऱ्हाइकं त्यासाठी त्यांना शोधत यायची. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, मी बघितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि मी?"

"तुमी काय?"

"मी राहू?"

"मग काय मी काढू डिझाईन?" शेठ वैतागले. "ह्या तात्यांनी मला कणीस काढाय सांगितलं असतं तर मी मुळा काढला असता. कुटं जाणार हाय तुमी? बसा. उरलेल्या तीस चादरींची फाईल नीट करा आधी."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथून पळाले, कारण पुन्हा रडले असते तर शेठनी मला घरी पाठवलं असतं. खाली येऊन बायकांना म्हटलं, उसवा. एकशे वीस. त्यांनी मला मनात काय काय म्हटलं असेल ते मला ठाऊक आहे. पण बुधवारी संध्याकाळी सगळ्या चादरी झाल्या, आणि गुरुवारी तात्यांचा टेंपो आला. तात्यांनी एक चादर उलगडली, कणसावरून अंगठा फिरवला आणि "दाणा भरलाय," एवढंच म्हणाले. काठाकडे त्यांनी बघितलंही नाही.

सोमवारचं एक राहिलं. दुपारी जेवायच्या वेळी मी भाकरी घेऊन वर गेले, तेव्हा भाई घरी फोन लावत होते. फोनला तोंडानं सांगितलं, अजीजाला लाव, आणि आवाज मोकळाच ठेवला. आता कुणापासून लपवायचं होतं?

"सांगून टाकलं," ते म्हणाले. "शेठला. सगळं."

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली.

"नोकरी?" अजीजाभाभींनी विचारलं.

"हाय. राहिली."

पलीकडे कुकर उतरवल्याचा आवाज आला. मग भाभी म्हणाल्या, "फिर अब रस्त्यात हात पकडू का तुमचा?"

भाईंनी फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतर त्यांनी मला सांगितलं. दोन वर्षं बाजारात जाताना भाभी दोन पावलं पुढे चालायच्या, मुद्दाम पिवळी पिशवी घेऊन, आणि भाई त्या उजळ ठिपक्याच्या मागे मागे जायचे. हात धरला तर कारखान्यातलं कुणीतरी बघेल आणि ओळखेल म्हणून त्यांनीच मनाई केली होती. एकदा गर्दीत ती पिशवी दिसेनाशी झाली, तेव्हा ते अर्धा तास एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले होते.

त्या दिवशी सहाला सुट्टी झाली तेव्हा भाभी गेटवर उभ्या होत्या. कधी येत नाहीत त्या. भाई बाहेर आले, थांबले, आणि भाभींनी त्यांचा हात हातात घेतला. अक्कलकोट रोडला त्या वेळी ट्रकांची रांग असते. दोघं बराच वेळ कडेला उभे राहिले आणि मग सावकाश रस्ता ओलांडून पलीकडे गेले. माझ्या अकरा बायका उसवायचं सोडून खिडकीला लागल्या होत्या. मी त्यांच्यावर ओरडले नाही. मीही तिथेच उभी होते.